मुकादमाच्या बरोबरीने

३ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि लिहिल्यास चार ओळी. 'अण्णांच्या सलूनला एप्रिलमध्ये पन्नास वर्षं होतायत, त्या दिवशी येतो आहे, सोयीचं आहे का ते कळवावे.' कळवावे! मी काय तुझ्या त्या काचेच्या हेअर स्टुडिओतला अपॉइंटमेंट देणारा आहे? तुझी वहिनी म्हणाली, एक फोन करून टाका. मी म्हटलं नको. फोनवर आमचं दुसऱ्या वाक्याला वाजतं. पत्रात निदान माणूस पुरं वाक्य लिहून मग चिडतो.

तर कळवतो. सलून उत्तम चाललंय. अण्णांची खुर्ची अजून एका बोटाने फिरते. तुझी खुर्चीही जागेवर आहे, तिच्यावर मी धुतलेले टॉवेल ठेवतो. जागा वाया घालवणं मला आवडत नाही. शेजारी दोन नवी दुकानं झाली, तिथं गाणी लावतात आणि डोक्यावर मशीन फिरवतात. महिन्याभराने त्यांचीच गिऱ्हाईकं मान खाली घालून माझ्याकडे येतात, 'जरा नीट करून द्या' म्हणतात. मी नुसता हसतो, तेवढं पुरतं.

रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मी अजून आरशाला पाठ करूनच दाढी करतो, अण्णांसारखी. ज्याला स्वतःचा चेहरा बोटांनी कळत नाही त्याने दुसऱ्याच्या गळ्याला वस्तरा लावू नये, हा आपल्या वडिलांनी घालून दिलेला कायदा. तुला ते कधी जमलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून आरशात बघायचास. ते मी भर सलूनात बोललो, 'तुझा हात जड आहे' म्हणालो, आणि तू पेटी भरून गेलास. मी खोटं बोललो नव्हतो. असो.

मध्ये थोडं आजारपण झालं, ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. थंडी सुरू होताना एका सकाळी उठलो तर दोन्ही हात खांद्याच्या वर जाईनात. सलूनवाल्याचे हात! तुझ्या वहिनीने मला शर्ट घातला. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, वय झालं की होतो हा आजार. कुणाचं वय झालं, ते मी विचारलं नाही. गोळी दिली, प्रेडनिसोलोन. स्टिरॉइड. पैलवान चोरून घेतात ते नव्हे, हे दुसरं. तर काय सांगू तुला, पहिल्या आठवड्यातच मी उठून स्वतःचा भांग स्वतः पाडला आणि दुपारी एका लग्नघरची सगळी डोकी उरकली. औषध असावं तर असं.

आणि गंमत बघ, मुकादमाला पण तीच गोळी. मुकादम म्हणजे आपला कुत्रा. तू गेल्यावर आला. काळा, छातीवर पांढरा ठिपका, दिवसभर सलूनच्या उंबरठ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेतो, म्हणून मुकादम. आत पाऊल टाकत नाही. जमिनीवरचे केस अंगाला लागलेले त्याला खपत नाहीत. त्याच दिवसांत तो एकदम गळून गेला, हिरड्या पांढऱ्याफटक. कुत्र्यांची डॉक्टरीण म्हणाली, याचं शरीर स्वतःचंच रक्त खातंय. तिनेही प्रेडनिसोलोन लिहून दिली. तेव्हापासून सकाळी आम्ही दोघं एकाच वेळी गोळी घेतो, मी चहाबरोबर, तो पावाच्या तुकड्यात. गिऱ्हाईकं म्हणतात, एका पाळीचे दोन कामगार.

तर ये. पण सलूनला रंग काढायचा विचार आहे, तेव्हा तारीख पुढेमागे होऊ शकते.

तुझा
दादा

१९ फेब्रुवारी

धाकट्यास,

'पन्नास वर्षांची तारीख पुढेमागे कशी होते?' असं विचारलंस. तुझं डोकं पूर्वीही नको तिथंच चालायचं.

मुकादमाची खुशाली विचारलीस, ते आवडलं. ऐक. या गोळीने त्याला अशी तहान लागते की वहिनीने धुण्याला भरलेली बादली त्याने एका दमात अर्धी केली. मग साहजिकच. जो कुत्रा पावसात भिजत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा पण दारात घाण करायचा नाही, त्याने उंबरठ्यावरच तळं केलं. आणि इतका लाजला की भिंतीकडे तोंड करून बसला. मी फडकं घेतलं, पुसलं आणि त्याला सांगितलं, 'अरे, तू नाही केलंस, गोळीने केलंय.' डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच आहे, पाणी तोडायचं नाही, ओरडायचं नाही, जास्त वेळा बाहेर न्यायचं. आता मी गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस लावून ठेवतो आणि त्याला फिरवून आणतो. फेस मुरला की दाढी मऊ होते, कुणाची तक्रार नाही.

भूक तर विचारू नकोस. एका गिऱ्हाईकाच्या पिशवीतला पाव, आतल्या कागदासकट. साबणाची वडी, अर्धी. कलपाच्या डबीचं झाकण. पोट नगाऱ्यासारखं झालंय, धापा टाकतो, आणि कहर म्हणजे पाठीवरचे केस गेले. सलूनवाल्याचा कुत्रा आणि टकला! समोरचा दुकानदार म्हणाला, 'शेठ, हा नमुना दारात बसवलात तर गिऱ्हाईक येईल का?' मी म्हटलं, 'गिऱ्हाईक कुत्र्याकडे बघून येत नाही, माझ्या हाताकडे बघून येतं. आणि तो टकला असला तरी तुझ्यापेक्षा रुबाबात बसतो.' खरंच बसतो. मान ताठ, पुढचे पाय जुळवलेले. तसल्या अवस्थेत तसं बसणं सोपं नाही.

मला विशेष काही त्रास नाही. भूक जरा वाढलीय. झोप कमी झालीय, पण झोपून कोण मोठा झालाय? परवा एका जुन्या गिऱ्हाईकावर ओरडलो, तो मान हलवत होता. नंतर त्याला दाढी फुकट करून दिली. चेहरा थोडा भरलाय. वहिनी म्हणते बरा दिसतो. ती माझ्याकडे न बघता म्हणते.

एक सुचवू का? एप्रिलमध्ये इथं फार उकडतं. पावसाळा उलटून गेल्यावर आलास तर निवांत बोलता येईल.

तुझा
दादा

४ मार्च

धाकट्यास,

तिकीट काढलंस म्हणे. परत न होणारं. मुद्दाम तसलं काढलंस हे न कळण्याइतका मी साधा नाही.

ठीक आहे. मग मीही कामाला लागलो.

आधी एक किरकोळ गोष्ट. या आठवड्यात माझ्या हनुवटीवर कापसाचा बोळा होता. गालावर एक, कानाखाली एक. तुला कुणी कळवलंच तर सांगतो, पात्याचा दोष होता. या गोळीने कातडी कागदासारखी पातळ होते, एवढंसं लागलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो, तुरटी फिरवूनही. हात माझा तोच आहे. जबड्याचं हाड जिथं असायचं तिथंच वस्तरा वळवला. आता तिथं हाड लागत नसेल, नुसता गाल लागत असेल, तर त्यात हाताची चूक काय? पण दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडावर तोच प्रश्न. ज्याने चाळीस वर्षांत कुणाला ओरखडा काढला नाही तो स्वतःलाच कापून बसलाय, हे बघायला मिळाल्यावर कोण सोडतो? एक दीडशहाणा म्हणाला, 'आरशात बघून करत जा हो.' मी त्याची अशी कटिंग केली की त्याच्या बायकोने पण तारीफ केली असेल. रागाने हात बिघडवत नाही मी.

आता खरी बातमी. मुकादमाचं रक्त ताळ्यावर आलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची गोळी अर्ध्यावर आणली, पुढच्या पंधरवड्यात आणखी कमी. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, माझं काय? ते म्हणाले, 'तुमची मुंगीच्या पावलाने उतरवायची. वर्ष जाईल. स्वतःच्या मनाने काही करू नका.'

वर्ष! तू येणार एप्रिलमध्ये. आणि हा काय न्याय आहे? गोळी एक, सुरू एकाच महिन्यात केली, आणि कुत्रा पुढे, मी मागे? शाळेतल्या शर्यतीपासून आजवर मी कुणाच्या मागे राहिलेलो नाही, तुला माहीत आहे, तू दर वेळी दुसरा यायचास. म्हणून ठरवलं. मुकादमाची अर्धी झाली, माझीही अर्धी. त्याची जशी उतरेल तशी माझी. सकाळी मी पाव मोडतो, त्याच्याकडे बघतो, आम्ही दोघं घेतो. त्याला कळतं.

हे वहिनीला बोलू नकोस. गोळ्यांची पाकिटं आता मीच सांभाळतो. एप्रिलमध्ये तू येशील तेव्हा तुला तुझा जुना दादा भेटेल, जबड्याच्या हाडासकट.

तुझा
दादा

१६ मार्च

धाकट्यास,

तुझं पत्र आलं. 'कुत्र्याचा हिशेब माणसाला लावू नका, ताबडतोब डॉक्टरांना सांगा' हे वाचलं. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

काळजीचं कारण नाही. मुकादम आता चतकोर गोळीवर आहे आणि मीही. त्याची तहान उतरली. बादली शाबूत राहते. धापा थांबल्या. काल त्याने मांजराला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं आणि असा परत आला जसा काही लढाई जिंकून आलाय. त्याचा मला फार अभिमान वाटतो, खरं सांगतो. इतकी फजिती झाली, केस गेले, पोट सुटलं, पण त्याने उंबरठा सोडला नाही.

मी पण बरा आहे. सकाळी जरा जडपणा असतो. खांदे थोडे बोलतात. जेवण बेताचंच जातं, तेवढंच वजन उतरेल. उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, पण भिंत जवळ असते. शुक्रवारी वस्तरा हातातून निसटला आणि फरशीवर पडला. गिऱ्हाईकाला काही झालं नाही, त्याचे डोळे मिटलेले होते. मी वाकून उचलायला गेलो आणि तसाच थोडा वेळ बसून राहिलो. त्याला वाटलं मी काही शोधतोय.

मुकादम हल्ली माझ्या पायांचा वास घेतो आणि तोंडाकडे बघत राहतो. मी त्याला म्हणतो, 'पुढे बघ, पुढे. रस्त्याकडे बघायचं तुझं काम.'

बाकी सलूनला रंग काढला. हलका निळा. अण्णांना आवडला असता. आज एवढंच लिहितो, हात भरून आलाय.

तुझा
दादा

२२ मार्च

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी लिहिते आहे म्हणून घाबरू नका. तुमचे दादा आता बरे आहेत, इस्पितळात आहेत, आणि तिथल्या न्हाव्याने शेजारच्या खाटेवरच्या माणसाची दाढी वाईट केली म्हणून कुरकुर करताहेत. यावरून काय ते समजा.

बुधवारी दुपारी पोस्टातले साहेब खुर्चीत बसले होते. एका गालाची दाढी झाली होती. यांनी दुसऱ्या गालाला वस्तरा लावायच्या आधी तो बाजूला ठेवला, नीट मिटून ठेवला म्हणे, आणि खुर्चीचा हात धरून खाली बसले ते आडवेच झाले. साहेब अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन जिना चढून मला बोलवायला आले. मी खाली धावले. बघते तर मुकादम आत! ज्याने आजवर उंबरठ्याच्या आत नख टाकलं नाही, तो त्या सगळ्या कापलेल्या केसांत यांच्या छातीला पाठ लावून पडला होता. हलायला तयार नाही. अंगभर गिऱ्हाईकांचे केस चिकटलेले. कितीतरी दिवसांनी त्याच्या पाठीवर केस बघितले मी. त्या अवस्थेतही मला हसू आलं, आणि मग रडू आलं.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. या गोळीत जे असतं ते आपलं शरीर रोज थोडं थोडं स्वतः बनवतं. बरेच महिने बाहेरून मिळायला लागलं की शरीर म्हणतं, मग मी कशाला राबू? आतला कारखाना झोपतो. गोळी एकदम काढली तर बाहेरचं नाही आणि आतलं पण नाही. रक्तदाब पार खाली गेला होता. 'उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं,' म्हणाले. मला तुमच्या पत्रावरून कळलं होतं, भाऊजी. तुम्ही यांना लिहिलेलं मी वाचलं, पण ते त्याच दिवशी सकाळी, आणि संध्याकाळी यांना विचारू म्हणून मी थांबले. ते जाऊ दे.

मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी. हे तुम्हाला 'येऊ नको' म्हणत राहिले ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे. यांचा चेहरा पार बदललाय. गोल झालाय, डोळे बारीक दिसतात. ओळखीची माणसं रस्त्यात पुढे निघून जातात. सलूनात दिवसभर चारी बाजूंनी आरसे, तर हे मान वर करत नाहीत. तुम्ही लहानपणी यांच्यासारखं दिसावं म्हणून जबडा पुढे काढून चालायचात, हे ते अजून सगळ्यांना सांगतात. तुम्ही हा चेहरा बघू नये, एवढ्यासाठी जीव धोक्यात घातला या माणसाने.

मी काल बोलले. म्हटलं, 'मुकादमाने दारात घाण केली की गोळीचा दोष. तुमचा गाल सुजला की तुमचा दोष? गोळी तीच आहे ना?' हे कुशीवर वळले. पण झोपले नव्हते.

तुम्ही या. नक्की या.

तुमची
वहिनी

५ एप्रिल

धाकट्यास,

घरी आलो. वहिनीने तुला लिहिलं हे मला कळलंय. काय लिहिलं ते विचारलं नाही. फेस लावलेल्या साहेबांबद्दल लिहिलंच असेल, ते सगळ्या गल्लीला सांगून झालंय. त्यांचा दुसरा गाल मी बरा झाल्यावर पुरा करणार असं सांगून ठेवलं होतं. ते चार दिवस तसेच हिंडले, अर्धी दाढी ठेवून. पोस्टात काऊंटरवर बसले तसेच. लोक हसले तर म्हणाले, 'माझा माणूस इस्पितळात आहे.' शेवटी पोस्टमास्तरांनी हुकूम काढला तेव्हा घरी केली. असली गिऱ्हाईकं मशीन फिरवून मिळत नाहीत.

डॉक्टरांनी माझी बिनपाण्याने केली. मग कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई मुकादमाला बघायला आल्या, त्यांना कळलं, त्यांनी परत केली. म्हणाल्या, 'आजोबा, त्याचा आजार वेगळा, त्याचं शरीर वेगळं, त्याची गोळी उतरवायची रीत वेगळी. आणि तो मी सांगितल्याप्रमाणे घेतो, तुम्ही घेत नाही. तुमच्यापेक्षा तो शहाणा.' आजोबा म्हणाली ते सोडून बाकी मान्य आहे.

गोळी पुन्हा पूर्वीइतकी केलीय. आता मुंगीच्या पावलाने. मुकादम माझ्या पुढे निघून गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. त्याच्या पाठीवर मऊ लव आलीय, हात लावून बघ, पण आधी त्याला विचार. सकाळी त्याची आता फक्त पावाची फोड असते, आत काही नसतं. तरी मी गोळी गिळेपर्यंत तो आपली फोड तोंडात धरून थांबतो. माझी गेली की मग खातो. वहिनी म्हणते, तिने शिकवलंय. मला नाही तसं वाटत.

आता कामाचं. इस्पितळातून आल्यापासून मी दाढी केलेली नाही. वहिनी म्हणाली आरशात बघून करा. एकदा बघितलं. नीट उभं राहून, दिवा लावून बघितलं. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण वाईट नाही दिसत. अण्णा शेवटी शेवटी असेच दिसायचे. तुझ्या लक्षात आहे का, त्यांनाही दम्यासाठी कसली तरी गोळी होती? आपण म्हणायचो, अण्णा अंगाने सुटले. त्यांनी शेवटी आपली दाढी आपण करणं सोडलं होतं. शेवटच्या वर्षी रोज कुणाकडून करून घ्यायचे? थोरल्याकडून नाही, तुझ्याकडून. तेव्हा मला वाटायचं, माझ्याकडे गिऱ्हाईकं जास्त म्हणून. आता वाटतं, त्यांना चेहरा बोटांनी कळणारा माणूस नको होता. बघून करणारा हवा होता.

मी चुकलो होतो असं म्हणत नाही. हात तुझा तेव्हा जड होता. आता कसा आहे, मला माहीत नाही, ते बघायचं आहे.

तर पन्नास वर्षांच्या दिवशी सकाळी शटर मी वर करीन. गल्लीतली सगळी येतील, जागा पुरणार नाही, मुकादम दारात असेल. तुझ्या खुर्चीवरचे टॉवेल मी काढलेत. अण्णांच्या खुर्चीत पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी बसणार. आजवर मी आणि अण्णा सोडून माझ्या गालाला कुणी वस्तरा लावलेला नाही. हा नवा चेहरा आहे, त्यावरचा पहिला वस्तरा तुझा. हा मान मी कुणालाही देणार नाही, तुला देतो आहे, भर सलूनात, सगळ्यांच्या देखत.

वस्तरा तुझा तू आण. आरशाकडे तोंड करून कर, हवं तितकं बघ. कातडी पातळ आहे आणि हाड कुठं आहे ते आता मलाही सांगता येणार नाही, तेव्हा सावकाश कर. मी मान हलवणार नाही.

तुझा
दादा